क्लच कव्हरचे दहा स्क्रू

४ जानेवारी, रविवार

क्लच कव्हरच्या खालच्या कडेला तेल पाझरतंय. दोन महिने नुसतं पुसत होते. आज कव्हर उघडून पॅकिंग बदलायचं ठरवलं होतं, तासाभराचं काम. दहापैकी चार स्क्रू सरळ निघाले आणि बाकीच्या सहांपाशी मी थांबले.

गाडी म्हणजे १२५ सीसीची मोटरसायकल, चौदा वर्षांची, माझ्याकडे चौथं वर्ष. इंजिन जपानी धाटणीचं, त्यामुळे कव्हरला फुलीच्या खाचेचे एम६, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचे, स्क्रू. टॉर्च धरून एकेक डोकं पाहिलं. मागच्या बाजूच्या सगळ्यात खालच्या स्क्रूची फुली आता फुली राहिलेलीच नाही. चारही भिंती एकाच दिशेने झिजून मध्ये वाटीसारखा खळगा झालाय, आणि खळग्याच्या काठावर धातूची बारीक कड उभी राहिलीय, नखाला टोचेल अशी. सोडवायच्या दिशेनेच झीज आहे, म्हणजे माझ्या आधी कुणीतरी हा उघडायचा प्रयत्न करून सोडून दिलेला. पुढच्या वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या डोक्यावर छिन्नीचे तीन घाव. उरलेले चार अर्धेमुर्धे घोळलेले.

असं का होतं ते इथे एकदा नीट लिहून ठेवते. आपल्या डब्यात असतो तो फुलीचा पेचकस बहुधा फिलिप्स पद्धतीचा. हेन्री फिलिप्स यांनी त्याची पेटंटं १९३६ मध्ये घेतली. जपानी गाड्यांवरची फुली जेआयएस या जपानी मानकाची. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, पण फिलिप्सचं टोक जेआयएसच्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. वरच्या वर टेकतं, आणि जोर लावला की चढून बाहेर येतं. बाहेर येताना खाचेची भिंत थोडी थोडी खात जातं. जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर बरेचदा फुलीच्या शेजारी एक बारीक ठिपका असतो, माझ्या दहापैकी सातांवर आहे. दुसरी चूक आकाराची. एम६ ला ३ नंबरचा पेचकस लागतो, आणि घराघरांत असतो तो २ नंबरचा. तो खाचेत खुळखुळतो, तरी हाताला "बसला" असं वाटतं.

माझ्याकडे जेआयएसचा ३ नंबर आहे, त्यानेच ते चार निघाले. बाकीच्यांवर आज हट्ट केला नाही.

जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढली, जिथे स्क्रू तिथे भोक पाडलं, आणि निघालेले चार स्क्रू आपापल्या भोकात खोचले. सहा घट्ट स्क्रूंच्या डोक्याभोवती गंज सोडवणारं तेल सोडलं.

५ जानेवारी ते ९ जानेवारी

रोज रात्री प्रत्येक डोक्यावर तेलाचे दोन थेंब आणि हातोडीच्या हलक्या चार टिचक्या. आट्यांमध्ये बसलेला पांढरा भुगा, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, टिचक्यांनी तडकतो आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. एवढंच.

१० जानेवारी, शनिवार

इंपॅक्ट ड्रायव्हर आणला. हा विजेवरचा नव्हे, हातोडीने ठोकायचा. वरून घाव बसला की टोक खाचेत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं वळतं. पेचकस ज्या कारणाने निसटतो, ते कारणच हा काढून टाकतो. दिशा "सोडा"कडे आहे ना, हे आधी लाकडावर ठोकून पाहिलं. उलट्या दिशेला राहिला असता तर हातानेच स्क्रू आवळले असते.

पाच निघाले. छिन्नीचे घाव असलेलाही निघाला, आणि हातात घेतल्यावर कळलं की तो २८ मिलिमीटरचा आहे, शेजारचे सगळे ३५ चे. याचा विचार उद्या.

राहिला मागचा खालचा. वाटीत कुठलंच टोक धरत नव्हतं. म्हणून डोकंच उडवायचं ठरवलं. हे ऐकायला अघोरी वाटतं, पण अडलेल्या कव्हर स्क्रूसाठी मला तरी याहून सुरक्षित रस्ता माहीत नाही. स्क्रू सुटत नाही याला दोन कारणं असतात: आट्यांतला गंज, आणि डोकं कव्हरला ओढून धरतं तो ताण. डोकं गेलं की ताण संपतो. शिवाय कव्हर या ठिकाणी २२ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे कव्हर निघाल्यावर स्क्रूचा तेवढा तुकडा धरायला बाहेर राहणार.

आधी ३ मिलिमीटरचं ड्रिल, मग ६ चं, सावकाश, मध्ये मध्ये तेल. खळग्यामुळे ड्रिल आपोआप मध्यावर राहिलं. खोली डोक्याच्या उंचीइतकीच. एका क्षणी ड्रिलचा आवाज बदलला, आणि डोकं अंगठीसारखं सुटून ड्रिलभोवती फिरायला लागलं. खाली तसराळं ठेवलेलं होतं, तेल आधीच काढलेलं. कव्हर रबरी हातोडीने चहूबाजूंनी ठोकत सैल केलं आणि सरळ ओढून काढलं.

तुकडा उभा राहिला, गंजाने तपकिरी. पेट्रोलची टाकी सकाळीच काढून लांब ठेवली होती, म्हणून हीट गनने भोकाभोवतीचं ॲल्युमिनियम तापवलं. तापमान एक अंशाने वाढलं की ॲल्युमिनियम लांबीच्या दर दहा लाख भागांत २३ भाग फुगतं, पोलाद १२. सहा मिलिमीटरच्या भोकात, शंभर अंशांच्या फरकाला, हे मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढं भरतं. आकडा किरकोळ वाटतो, पण गंजाची पकड मोडायला पुरतो. व्हाइस ग्रिप पक्कड घट्ट बसवून आधी आवळायच्या दिशेने केसभर, मग सोडायच्या दिशेने केसभर, असं करत राहिले. तिसऱ्या तापवणीला तो कुरकुरत वळला.

निघाला, पण आटे बरोबर घेऊन. स्क्रूच्या शेवटच्या सेंटिमीटरभर भागाला ॲल्युमिनियमची तार गुंडाळल्यासारखी चिकटली होती. भोकात टॉर्च मारून पाहिलं तर आतून गुळगुळीत.

११ जानेवारी, रविवार

सकाळी शेजारचे काका येऊन बसले. त्यांची सगळी नोकरी फिटर म्हणून झाली. मी त्यांना घोळलेले स्क्रू दाखवत होते, नवे कुठले घ्यावेत ते विचारत होते. त्यांनी हात पुढे करून टॉर्च मागितली आणि कव्हरऐवजी इंजिनाच्या बाजूला उजेड टाकला.

"अगं, बोल्टाकडे काय बघतेस? भोकाकडे बघ. बोल्ट आज आणशील, उद्या बदलशील. हे भोक म्हणजे अख्खं इंजिन आहे."

त्यानंतर नव्या स्क्रूंची यादी बाजूला ठेवली आणि दिवसभर फक्त भोकं तपासली. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले. ब्लेड मुद्दाम घेतलं नाही. या तोंडावर एक ओरखडा उठला की तिथून तेल झिरपणार. इंजिनाच्या आत सगळीकडे स्वच्छ फडकी कोंबली.

आटे साफ करायला टॅप (आटे पाडायचं अवजार) वापरायचा नाही, असं काकांनी बजावलं. टॅप हा कापणारा असतो. थोडा वाकडा लागला की चांगला आटाही पातळ करून सोडतो. त्यांनी एका जुन्या एम६ बोल्टाच्या टोकाला तिकोनी कानशीने उभ्या तीन खाचा पाडून दिल्या. तो हाताने फिरवत नेला की मळ खाचांत गोळा होतो आणि आटा कापला जात नाही. दर भोकाला दोनदा फिरवला, पुसला, मग स्पिरिट आणि हवा. भोकं आंधळी आहेत, तळ बंद. तळाशी तेल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर तेलाला जायला जागा नसते, आणि तेल दाबलं जात नाही. कास्टिंगला तडा जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक भोकात कापसाची काडी घालून कोरडं करून पाहिलं.

आठ भोकं ठीक. दोन वाईट.

पहिलं, छिन्नीवाल्या स्क्रूचं. २८ मिलिमीटरच्या स्क्रूपैकी २२ कव्हरमध्येच जात होते, म्हणजे इंजिनात पकड फक्त सहाची. ॲल्युमिनियममध्ये बोल्टाच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट लांबीचा आटा धरलेला हवा, एम६ ला ९ ते १२ मिलिमीटर. सहावर सगळा ताण आला आणि ते सहा ओढले गेले. मागच्या कुणीतरी स्क्रूंची अदलाबदल केली, तेवढ्यानेच हे झालं. दिलासा एवढाच की भोक १८ मिलिमीटर खोल आहे आणि सहाच्या पुढचे आटे कोरे करकरीत आहेत. तिथे कधी काही पोचलंच नव्हतं. इथे जास्त लांबीचा स्क्रू लावला की काम होईल.

दुसरं, मागचं खालचं. तिथे आटेच नाहीत. हेलिकॉइल बसवावी लागणार.

१७ जानेवारी, शनिवार

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेचं वळं, तारेचा छेद शंकरपाळ्याच्या आकाराचा. भोक मोठं करायचं, त्यात खास टॅपने मोठे आटे पाडायचे, त्यात हे वळं फिरवत बसवायचं. वळ्याच्या आतला आकार मूळचा एम६, १ मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). सुटं असताना वळं भोकापेक्षा जरा मोठं असतं, म्हणून बसवल्यावर ते बाहेरच्या बाजूला फाकून स्वतःलाच धरून ठेवतं. पुष्कळ जण याला जुगाड समजतात. तसं नाही, विमानांच्या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या भोकांना ही वळी मुळातच बसवलेली असतात. नीट बसलं तर भोक पहिल्यापेक्षा टिकाऊ होतं.

सकाळी सराव. भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात तीन भोकं पाडून तीन वळी बसवली. पहिलं वाकडं गेलं. टॅप धरताना माझा उजवा हात नकळत खाली झुकतो, हे तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्यापासून टॅपच्या शेजारी छोटा गुण्या उभा केला आणि दर अर्ध्या फेऱ्याला दोन बाजूंनी पाहिलं. तिसरं मनासारखं झालं.

दुपारी इंजिनावर. भोक सरळ राहणं हीच खरी अडचण होती. वाकडं गेलं तर स्क्रूचं डोकं कव्हरवर एका कडेनेच टेकणार. काकांची युक्ती: कव्हरच परत लावून त्याचा मार्गदर्शक म्हणून उपयोग करायचा. कव्हरचं भोक साडेसहा मिलिमीटरचं, किटमधलं ड्रिल ६.३ चं. डॉवेलवर (कव्हर नेमक्या जागी धरणाऱ्या खुंट्यांवर) कव्हर बसवलं, चार स्क्रूंनी धरलं, आणि ड्रिल त्या भोकातून सरळ आत घातलं. आटे गेल्यामुळे भोक जवळजवळ सहाचं झालंच होतं, कापायचा होता तो नुसता पापुद्रा. म्हणून मशीन लावलंच नाही. ड्रिल टॅपच्या हँडलमध्ये पकडून हाताने फिरवलं. खोलीसाठी ड्रिलवर १६ मिलिमीटरवर चिकटपट्टीचं निशाण.

कव्हर काढलं. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. इथे चुंबक उपयोगाचं नाही, ॲल्युमिनियमला ते ओढत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना कीस तुटल्याचा एक बारीक टचका हाताला लागतो, तो लागल्याशिवाय पुढे जायचं नाही. दोनदा टॅप पूर्ण बाहेर काढून पुसला, नवं ग्रीस भरलं. याला वीस मिनिटं लागली आणि या वीस मिनिटांत मी कुणाशी बोलले नाही.

भोक धुऊन, हवा मारून, टॉर्चने पाहिलं. आटे धारदार, एकसारखे, तळापर्यंत.

वळं १२ मिलिमीटरचं घेतलं. अवजारावर चढवलं, शेपूट खाचेत अडकवली आणि न दाबता फिरवलं. दाबलं तर वळं एक आटा सोडून पुढच्यात उडी मारतं. सकाळी पहिल्या ठोकळ्यात तेही झालं होतं. वरची कड तोंडाच्या अर्धा आटा खाली गेल्यावर थांबले. पंचाने एक टिचकी, शेपूट तुटली, ग्रीस लावलेल्या काडीने उचलून घेतली. ती मोजून डबीत ठेवली, कारण ती इंजिनात पडलेली नाही याची मला खात्री हवी होती.

नवा बोल्ट हाताने आत गेला, शेवटपर्यंत, दोन बोटांनी.

१८ जानेवारी, रविवार

आता बोल्ट. मूळचेच फुलीचे घ्यायचे नाहीत, एवढं नक्की. षटकोनी डोक्याचे फ्लँज बोल्ट मला आवडतात, ८ च्या बॉक्स पान्याने उघडतात आणि घोळत नाहीत. पण या कव्हरमध्ये स्क्रूंची डोकी खोल खड्ड्यात बसतात आणि त्या खड्ड्यात पान्याची भिंत मावत नाही. ॲलन बोल्टाचं डोकं १० मिलिमीटर व्यासाचं, ते मावतं, आणि ५ ची ॲलन की वरून सरळ बसते. म्हणून ॲलन.

धातू कुठला, यावर बराच वेळ घालवला. डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ: तुटायची ताकद ८०० मेगापास्कल, आणि तिच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, बोल्ट कायमचा लांबायला लागतो. १२.९ चे बोल्ट ताकदीने दीडपट, पण इथे दुबळा भाग बोल्ट नाही, ॲल्युमिनियमचा आटा आहे. त्याच्यापुढे जास्त ताकदीच्या बोल्टाचा काही उपयोग नाही. शिवाय काळे १२.९ लवकर गंजतात. स्टेनलेस दिसायला सुरेख. त्यातला नेहमी मिळणारा ए२-७० तुटतो ७०० ला, लांबायला लागतो ४५० लाच. कव्हरला तो चालतोही. पण ॲल्युमिनियमला लागून स्टेनलेस आणि वर खारट पाणी असलं की झिजतं ते ॲल्युमिनियम. जस्त चढवलेल्या ८.८ वर आधी जस्त झिजतं. भोक वाचवायचं असेल तर मला दुसरं बरं. हेलिकॉइलच्या भोकात तार स्टेनलेसचीच आहे, त्याला इलाज नाही.

सहा ३५ चे, तीन ५० चे, एक ४० चा. तो ४० चा ओढलेल्या आट्यांच्या भोकासाठी. २२ कव्हरचे वजा केले तर १८ उरतात, आणि भोकही १८ चंच. तळाला टेकला तर कव्हर आवळलंच जाणार नाही, नुसतं आवळल्यासारखं वाटेल. म्हणून ३८ वर कापला. कापण्याआधी त्यावर नट चढवून ठेवला. कापून, कानस मारून झाल्यावर नट मागे काढला की टोकाचे आटे तो आपोआप सरळ करत येतो. आता १६ आत, त्यातले सहा ओढलेले, दहा चांगले.

२४ जानेवारी, शनिवार

जोडणी. नवं पॅकिंग, डॉवेल, कव्हर.

आवळण्याआधी एक तपासणी केली, आता दर वेळी करणार. सगळे बोल्ट आपापल्या भोकांत नुसते सोडले, न फिरवता. आटे सुरू होतात तिथे ते थांबतात, आणि जितकं डोकं बाहेर उभं राहतं तितकाच बोल्ट आत जाणार. सगळी डोकी १२-१३ मिलिमीटर वर, एकच १६ वर, तोच कापलेला. यात एखादं डोकं सहावर दिसलं असतं तर लगेच कळलं असतं. चौदा वर्षांत कधीतरी कुणी हे पाहिलं असतं तर पुढच्या वरच्या कोपऱ्यातलं भोक ओढलं गेलं नसतं.

आटे कोरडे ठेवले. टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराला टचकणारा पाना) आपण जो जोर लावतो, त्यातला निम्म्याच्या आसपास डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि फक्त दहावा हिस्सा कव्हर दाबायला उरतो. आट्यांना ग्रीस फासलं की घर्षण घटतं, आणि पान्यावरचा आकडा तोच असताना ताण कितीतरी वाढतो. सर्व्हिस पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे, १० न्यूटन-मीटर. दहा सेंटिमीटरच्या दांड्यावर साधारण दहा किलोचा जोर. मनगटाला हा इतका कमी वाटतो की पाना टचकला तेव्हा माझा हात आणखी पुढे जायला बघत होता.

तीन टप्पे: ४, ७, १०, समोरासमोर फिरत. हेलिकॉइलच्या भोकाने तिन्ही टप्पे घेतले. ओढलेल्या भोकावर शेवटच्या टप्प्याला श्वास रोखला होता. पाना टचकला, बोल्ट हलला नाही.

प्रत्येक डोक्यावरून कव्हरवर येणारी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. ॲलनच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे चिखल बसून पुढच्या वेळी की वरच्या वर टेकायची नाही.

२५ जानेवारी, रविवार

हाताशी सगळं होतंच, म्हणून पुढच्या ब्रेक डिस्कचे बोल्ट पाहिले. एकाची ॲलन खाच गोल झालेली. थोडा मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट ठोकून बसवला, बोल्ट तापवला (आट्यांना लॉकटाइट, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारं रसायन, असतं, ते उष्णतेने नरम पडतं) आणि काढला.

इथे मात्र कालचं कुठलंच गणित चालवायचं नाही. डिस्क, कॅलिपर, हँडल, चाकाचा आस: तिथे कंपनीने त्याच गाडीसाठी दिलेलाच बोल्ट, पुस्तकातलाच टॉर्क. डब्यात सापडला आणि आटे जुळले म्हणून लावायचा नाही. चारही नवे मागवले. येईपर्यंत गाडी उभी.

३१ जानेवारी, शनिवार

डिस्कचे बोल्ट आले, मध्यम ताकदीचं लॉकटाइट लावून बसवले. बाटली विकत घेतानाच अर्धी रिकामी असते, तशीच असायला हवी. हे रसायन व्हर्नन क्रीबल या प्राध्यापकांनी १९५३ मध्ये तयार केलं. हवा असेतो ते पातळ राहतं, आणि हवा तुटली व धातू लागला की घट्ट होतं. बाटली भरली तर आतच गोठेल.

१ फेब्रुवारी, रविवार

तेल भरलं, इंजिन दहा मिनिटं चालवलं, बंद केलं, गार होऊ दिलं. खाली पांढरा कागद पसरला होता. कोरा.

२२ फेब्रुवारी, रविवार

४१० किलोमीटर झाले. दहाही रेघा जागच्या जागी, एकही तुटलेली नाही. रेघ हलली नाही तर बोल्टाला पाना लावायचा नाही, असं ठरवलं होतं, तसंच केलं. कव्हरच्या खालच्या कडेवरून टिश्यू फिरवला, त्यावर फक्त धूळ आली.

खाली वाकले होते तेव्हा सायलेन्सरचे दोन नट दिसले, सिलिंडर हेडच्या स्टडवरचे (स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट). गंजाने नट आणि स्टड एकजीव झालेत, कडा बघून ओळखावं लागतं कुठला कोणता. हे स्टड हेडच्या ॲल्युमिनियममध्येच बसवलेले आहेत. सायलेन्सर अजून दोन वर्षं तरी काढायचा नाही. तेलाचे पहिले दोन थेंब आज सोडले.